मुरमाड उतारावर पुढचं चाक निसटतं: नवी सायकल घेण्याआधी काय काय बघायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वजन ७४ किलो, राहणं कोथरूडला. सायकल २९ इंची हार्डटेल (म्हणजे सस्पेन्शन फक्त पुढे), पुढे १०० मिलिमीटर दबणारा, स्प्रिंगवर चालणारा कॉइल फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, पेडलजवळ दोन चेनरिंग (दातेरी चक्रं), आणि सायकलबरोबर आलेले २.१ इंच रुंदीचे टायर. फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याजवळ हौशी गटाची क्रॉस-कंट्री शर्यत आहे, साधारण ५ किलोमीटरचे चार फेरे. हातात सहा आठवडे. सराव वेताळ टेकडीवर आठवड्यातून दोनदा आणि रविवारी सिंहगडाचा घाट. चढावर बरोबरच्या मंडळींना मागे टाकता येतं, पण उतारावर तीच मंडळी सुसाट निघून जातात. वळणात पुढचं चाक निसटतं, तळहात बधिर होतात, दोन महिन्यांत तीन पंक्चर झाले. टायरमधल्या हवेचा दाब ४५ पीएसआय ठेवतात. मित्रांचं म्हणणं, फुल सस्पेन्शन घे, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल. खिशात पंधरा हजार आहेत. मग आत्ता फोर्क बदलावा, की थांबून पैसे जमवून सायकलच बदलावी?

माझ्या मते दोन्ही नको. निदान या शर्यतीपुरतं तरी नको. तुम्ही प्रश्न सस्पेन्शनचा म्हणून मांडलाय, पण वर्णन वाचल्यावर दिसतं ते वेगळंच. पुढचं चाक जमीन धरत नाही, त्यामुळे भीती वाटते, भीतीने ब्रेक सतत दाबून धरला जातो आणि शरीर मागे सरकतं, आणि मागे सरकल्यामुळे पुढच्या चाकावर उरलासुरला भारही राहत नाही. हात बधिर होतात तेही बऱ्याच अंशी यातूनच. या साखळीची पहिली कडी ४५ पीएसआय आहे. तिथून सुरुवात करू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खाली जे आकडे देतोय ते सुरुवातीचे आहेत. रिमची आतली रुंदी, टायरची खरी जाडी, तुमची चालवण्याची ढब आणि शर्यतीच्या वाटेवर दगड जास्त की मुरूम जास्त, यावर ते दोन-तीन पीएसआय इकडेतिकडे होणारच.

पुण्याच्या टेकड्यांवर नेमकं काय होतं ते बघा. खाली काळा बेसॉल्ट, त्यावर झिजून सुटलेला मुरूम. पावसाळ्यात तो ओला असतो, दबलेला असतो, आणि बऱ्यापैकी पकडही देतो. तेव्हा घसरायला होतं ते शेवाळलेल्या कातळावर. दिवाळीनंतर ओल जाते, माणसांच्या आणि चाकांच्या वर्दळीने वरचा थर सुटा होतो, आणि फेब्रुवारीपर्यंत टणक तळावर फरशीवर सांडलेल्या ज्वारीसारखे खडे पसरलेले असतात. कडक फुगवलेला टायर या खड्यांच्या डोक्यावरून चालतो. त्याचा जमिनीला टेकणारा भाग लहान, त्यामुळे बाजूचे गट्टे (टायरवरचे रबराचे उंचवटे) खालच्या टणक थरापर्यंत पोचतच नाहीत. हवा कमी केली की टायर पसरतो, खड्यांभोवती वाकतो आणि गट्टे खाली रुततात. शिवाय छोटे धक्के टायरच गिळतो, ते फोर्कपर्यंत किंवा मनगटापर्यंत येत नाहीत. तुमचं पहिलं आणि सगळ्यात स्वस्त सस्पेन्शन टायरमधली हवा हेच.

तर आज ट्यूब असतानाच पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय करून बघा. टायरच्या बाजूला छापलेला किमान आकडा याहून जास्त असेल तर मात्र तो पाळा. हवा मोजायला शक्य तर छोटा डिजिटल गेज घ्या. उभ्याने मारायच्या मोठ्या पंपावरचा काटा १६० पर्यंतच्या तबकडीवर असतो, तिथे २८ आणि ३२ मधला फरक डोळ्याला कळतही नाही. गेज एक-दोन पीएसआय चुकीचा असला तरी बिघडत नाही, फक्त दर वेळी तोच वापरा. मग ओळखीच्या उतारावर एकच पट्टा पुन्हा पुन्हा उतरा आणि दर खेपेला एक-एक पीएसआय कमी करत जा. दगडावर आपटताना रिमचा ‘ठक्’ असा आवाज आला, किंवा वळणात टायर रिमखाली मुडपल्यासारखा वाटला, की दोन पीएसआय वर या. तो तुमचा आकडा. वहीत लिहून ठेवा.

आता पंक्चर. तिन्ही वेळच्या ट्यूब फेकल्या नसतील तर काढून बघा. शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर ट्यूब दगड आणि रिमच्या मध्ये चिमटली गेली, म्हणजे हवा कमी होती. एकच टोचल्यासारखं भोक असेल तर काटा. ४५ पीएसआयवर चिमटण्याची शक्यता कमीच, म्हणजे तुमचे पंक्चर बहुधा बाभूळ-हिवराच्या काट्यांचे आहेत आणि हवा वाढवून त्यावर काहीच उपाय होणार नाही. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. बाहेरून नुसता काळा ठिपका दिसतो, आत मात्र दोन मिलिमीटरचं टोक उभं असतं. नवी ट्यूब टाकली की तीही दुसऱ्या दिवशी बसते. म्हणून ट्यूब बदलताना कापसाचा बोळा टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे काटा आहे. बोटाने चाचपत बसलात तर बोटातच जाईल. सापडलेला काटा आतून बाहेर ढकलायचा आणि पक्कडीने ओढायचा.

काट्यांवर खरा उपाय म्हणजे ट्यूबलेस: आत ट्यूब नाही, त्याऐवजी बारीक भोकं आपोआप बुजवणारा पातळ द्रव, म्हणजे सीलंट. तुमच्या पंधरा हजारांतला मोठा वाटा इथेच जाऊ द्या. पण आधी रिम आणि टायर दोन्हीवर ‘ट्यूबलेस रेडी’ असं लिहिलंय का ते तपासा. या किमतीच्या पुष्कळ सायकलींना रिम तसे असतात, पण बरोबर आलेले टायर तारेच्या कडेचे आणि साधे असतात. साध्या टायरमध्ये सीलंट ओतून काम भागवणारे लोक आहेत. मैदानात गोल फिरायला ठीक, पण कमी हवेवर वळणात टायरची कड रिममधून निसटली तर सगळी हवा एका झटक्यात जाते, आणि ती वेळ नेमकी उतारावरची असते. रिमच साधा असेल तर ट्यूबलेसचा नाद सोडा. ज्या ट्यूबच्या वाल्व्हचा गाभा काढता येतो अशा ट्यूब घ्या आणि प्रत्येकीत ६० मिलिलिटरच्या आसपास सीलंट भरा. बारीक काट्यांपुरतं ते पुरतं.

टायर निवडताना पुढचा आणि मागचा एकच असायला हवा असं काही नाही. पुढे २.२५ ते २.३५ चा, बाजूचे गट्टे उंच आणि एकमेकांपासून सुटे असलेला. मागे २.२५ चा, मधले गट्टे बुटके आणि दाट, म्हणजे चढावर ओढून धरल्यासारखं वाटत नाही. मागचं चाक थोडं घसरलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की माणूस जमिनीवर असतो. त्यामुळे पैसे एकाच टायरला पुरत असतील तर पुढचाच बदला. फ्रेमच्या मागच्या दोन नळ्यांमध्ये टायरच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जागा उरायला हवी. नाहीतर चिकटलेली माती आणि खडे फ्रेमचा रंग खरवडून काढतील. आणि टायरवरचा बाण बघून चढवा. दुकानातही हे चुकलेलं दिसतं.

ट्यूबलेस बसवणं अवघड नाही, पण घाई केली की रात्रभरात हवा उतरते. जुनी रबरी पट्टी काढा, रिमचा आतला भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या. रिममधली भोकं झाकणारी ट्यूबलेसची टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन ते चार मिलिमीटर रुंद हवी. म्हणजे आत २१ मिलिमीटर असेल तर २५ ची. वाल्व्हच्या छिद्राच्या बरोबर विरुद्ध बाजूने सुरुवात करून टेप ताणून लावा आणि जोडावर दहा सेंटिमीटर चढवा. बुडबुडे राहिले तर अंगठ्याने कडेकडे सारा. मग एक युक्ती करा. टायर ट्यूबसकट चढवून ३५-४० पीएसआय भरा आणि रात्रभर ठेवा. टेप रिमच्या खोबणीत घट्ट बसते आणि टायरची एक कड आपोआप जागेवर येते. सकाळी दुसरी कड उघडून ट्यूब काढा, वाल्व्हच्या छिद्राजागी टेपला बारीक भोक पाडा. भोक गरम टोकाने पाडलं तर फाटत नाही. वाल्व्ह बसवून नट हातानेच आवळा, पक्कड लावू नका.

हवा भरताना वाल्व्हचा गाभा काढून ठेवा, म्हणजे हवा एकदम आत जाते. साध्या पंपाने कड बसली नाही तर कडांना साबणाचं पाणी लावा. तरीही नाही बसली तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर न्या, मात्र प्रेस्टा वाल्व्हचं (सायकलच्या बारीक वाल्व्हचं) पितळी ॲडॉप्टर बरोबर ठेवा, त्याच्याकडे ते नसतं. आणि कॉम्प्रेसर तुमच्या डोळ्यांसमोर चालू द्या. रिम आणि टायर यांवर छापलेल्या कमाल आकड्यांपैकी जो कमी, त्याच्या पुढे जायचं नाही. दोनदा ‘टण्ण’ असा आवाज आला की कडा बसल्या. टायरच्या कडेलगतची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. मग हवा सोडा, वाल्व्हमधून ९० ते १०० मिलिलिटर सीलंट घाला, गाभा लावा, हवा भरा, चाक हलवा आणि दोन्ही कुशींवर दहा-दहा मिनिटं आडवं ठेवा. पहिले दोन दिवस हवा थोडी उतरेल, ते चालतं. पुण्याच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, त्यामुळे दर दोन महिन्यांनी आत काही ओलं शिल्लक आहे का ते बघा. चाक कानाशी हलवलं आणि खळखळ ऐकू आली नाही तर भरायची वेळ झाली.

हे झालं की पुढे २१-२२ आणि मागे २४ पासून सुरुवात करा, आणि वर सांगितलेली एक-एक पीएसआयची पद्धत पुन्हा वापरा. शर्यतीच्या वाटेत टोकदार दगडांचा पट्टा असेल तर मागे एक-दोन वाढवा. मागच्या चाकावर भार जास्त असतो आणि रिम वाकतो तो मागचाच.

फोर्ककडे वळू. कॉइल फोर्क टाकाऊ नसतो, पण तो चालतोय की नुसता मिरवतोय हे कळायला हवं. फोर्कच्या चकचकीत नळीवर एक झिप टाय अशी बांधा की ती घट्ट बसेल, पण ढकलल्यावर सरकेल. ती खालच्या रबरी सीलला टेकवा. हळूच सायकलवर बसा, उभं राहून नेहमीसारखा भार द्या, उतरा आणि मोजा. १५ ते २० मिलिमीटर सरकली असेल तर ठीक. मग नेहमीचा खडबडीत उतार उतरून पुन्हा बघा. सगळ्यात मोठ्या धक्क्याला ८० मिलिमीटरच्या आसपास जायला हवी. चाळीसच्या पुढे सरकतच नसेल तर दोन कारणं संभवतात: स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे, किंवा आतलं ग्रीस वाळून आणि धूळ बसून नळ्या अडकतायत. दुसरं कारण जास्त वेळा निघतं, विशेषतः पावसाळा काढलेल्या सायकलीत. खालचे पाय उतरवून, साफ करून, नवं ग्रीस भरायला मेकॅनिकला तासभर लागतो आणि खर्च नव्या फोर्कच्या मानाने काहीच नाही. वरची प्रीलोडची चकती फिरवून फोर्क मऊ किंवा कडक होतो असा समज आहे, तो चुकीचा. ती चकती फक्त सुरुवातीचा ताण बदलते, स्प्रिंग तीच राहते. आणि लॉकआउट, म्हणजे फोर्क दबू नये म्हणून बंद करायची कळ. चढावर लावलेला लॉकआउट माथ्यावर उघडायचा राहून जातो, आणि मग माणूस अख्खा उतार बंद फोर्कने उतरतो. दर माथ्यावर हात तिकडे गेलाच पाहिजे, ही सवय सरावातच लावा.

ब्रेकबद्दल तुम्ही फारसं लिहिलं नाही, पण बधिर तळहातांवरून शंका येते की तुम्ही दोन बोटांनी, किंवा तिनांनी, सतत ओढून धरता. हायड्रॉलिक ब्रेकला तर्जनी पुरते. त्यासाठी लिव्हरचा सांगाडा हँडलवर आतल्या बाजूला सरकवा, इतका की तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या बाकावर पडेल. तिथे तरफ लांब मिळते, ताकद कमी लागते. गिअरचा शिफ्टर मध्ये येत असेल तर दोघांची जागा बदलून बघा. लिव्हरचा उतार असा ठेवा की उभं राहून हँडल धरल्यावर कोपर ते बोट एका रेषेत येईल, मनगट वर मुडपणार नाही. लिव्हर हँडलपासून किती लांब असावा यासाठी बहुतेक लिव्हरवर छोटा स्क्रू असतो. बोट ताणावं लागत असेल तर तो जवळ आणा. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तेही सपाट करा, नाहीतर अंगाचा सगळा भार तळहातांवर येतो.

ब्रेक कुईं कुईं वाजत असेल आणि लागत नसेल तर पॅडवर तेल गेलंय. चेनवर स्प्रे मारताना फवारा डिस्कवर उडतो, ते हे. चेनला थेंबाथेंबाने तेल घाला, स्प्रे नको. हलकं डागाळलेलं पॅड बारीक पॉलिश पेपरवर घासून आणि डिस्क आयसोप्रोपाइलने पुसून पुन्हा कामाला लागतं. तेल मुरलेलं असेल तर पॅड बदला. बदलताना डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलंय का ते बघा. स्वस्त डिस्क मऊ पोलादाची असते आणि धातूचं पॅड तिला खाऊन टाकतं. नवं पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा, पण चाक लॉक होऊ द्यायचं नाही, असं वीसेक वेळा. हे न करता थेट उतारावर गेलात तर पॅड चकाकतं आणि पुन्हा लागत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि याला पैसे लागत नाहीत. मुरमावर वळणात ब्रेक दाबायचा नाही. टायरकडे पकड मर्यादित असते. ती ब्रेकला दिली तर वळायला उरत नाही. वेग वळणाआधी सरळ पट्ट्यात कमी करायचा, वळण सुरू होताच दोन्ही लिव्हर सोडून द्यायचे. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला अंगावर येतं, कारण घाबरलेला हात नेमका वळणातच आवळतो. म्हणून मुद्दाम कवायत करा. वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला थोडी रुंद, मुरमाड जागा मिळते. सकाळच्या फिरणाऱ्यांच्या पायवाटांवर मात्र हे नको. तिथे आजी-आजोबा असतात, कुत्री असतात, आणि सायकलवाल्यांबद्दलची नाराजी आधीच पुरेशी आहे. दुपारी चारच्या सुमारास जा. नवी वाटही पाडू नका. दोन पावसांत तिचा ओहोळ होतो.

कवायत पहिली. जमिनीवर काठीने आडवी रेघ ओढा. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने या आणि रेघेवर ब्रेक लावा. आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा हलक्या हाताने वाढवत, मग दोन्ही. दर वेळी थांबायला किती पावलं लागली ते मोजा. मागच्या ब्रेकने चाक घसरत जातं आणि अंतर दुपटीच्या आसपास निघतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या ब्रेकची भीती कमी होते. पुढचा ब्रेक माणसाला उलटवतो तो झटक्याने आवळला तर. दाबत दाबत वाढवला तर थांबवतो तोच.

कवायत दुसरी. पाण्याच्या दोन बाटल्या वीस पावलांवर उभ्या करा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यात फिरा. वळताना बाहेरचं पेडल खाली, त्यावर खरोखर भार, आतला हात सरळ आणि त्याने हँडल खाली दाबलेलं, म्हणजे सायकल कलते पण तुम्ही तिच्यावर सरळ राहता. छाती खाली, कोपरं बाहेर, नजर पुढच्या बाटलीवर, चाकासमोरच्या दगडावर नाही. नजर दगडावर गेली की चाकही तिकडेच जातं. दहा मिनिटं एवढंच, आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या आठवड्यात फरक दिसायला लागतो.

उतारावर ‘मागे सरक’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिलेला असणार. तो फक्त फार तीव्र उतारांपुरता आणि पायरीसारख्या कड्यांपुरता खरा आहे. साध्या उतारावर पेडल समांतर, टाचा खाली, ढुंगण सीटच्या जरासं वर आणि किंचित मागे, पण हनुवटी हँडलच्या वर. भार पायांवर घ्या. हात हलके हवेत, इतके की बोटं ग्रिपवर पियानो वाजवू शकतील. सीट आड येत असेल तर शर्यतीसाठी ती दोन सेंटिमीटर खाली घ्या. सीटपोस्टला टेपची खूण करून ठेवा म्हणजे नेहमीची उंची परत मिळते. ड्रॉपर पोस्टवर, म्हणजे चालवतानाच सीट खाली-वर करणाऱ्या दांड्यावर, या वर्षी पैसे घालू नका.

गिअरचं एक सांगतो, कारण तुमच्याकडे दोन चेनरिंग आहेत. खडबडीत उतारावर चेन मोठ्या चेनरिंगवर आणि कॅसेटच्या, म्हणजे मागच्या चक्रांच्या जुडग्याच्या, मधल्या चक्रावर ठेवा. चेन ताणलेली राहते, उडून पडत नाही. छोट्यावर सैल चेन फ्रेमवर आपटते आणि नेमकी पुढचा चढ सुरू होताना उतरलेली सापडते. चढाच्या पायथ्याशी, जोर यायच्या आधी, छोट्या चेनरिंगवर या. जोर लावून पुढचा गिअर बदलायला गेलात तर चेन अडकते. चेनची झीज मोजायचं साधन ०.७५ च्या खुणेवर आत जात असेल तर शर्यतीआधी दोन आठवडे चेन बदला, आदल्या दिवशी नाही. जुन्या कॅसेटवर नवी चेन उड्या मारते का ते कळायला तेवढा वेळ हवा. आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) ज्यावर लटकतो तो हँगर एक जादा घेऊन ठेवा. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा असतो, त्यामुळे मॉडेल सांगूनसुद्धा चुकीचा येतो. जुना काढून दुकानात नेऊन, छिद्रावर छिद्र ठेवून बघा.

सिंहगड घाट दमसासासाठी उत्तम आहे, पण तिथे तुम्ही एका लयीत चढता. क्रॉस-कंट्रीत लय कुठेच नसते. चाळीस सेकंद जीव तोडून, मग वळणं, मग पुन्हा एक मिनिट जोर. त्यामुळे आठवड्यातली एक फेरी मातीच्या चढावर अशी करा: एक मिनिट पूर्ण जोर, दोन मिनिटं हलकं, असं आठ वेळा. दुसरी फेरी कवायतींची. रविवारी सिंहगड किंवा बोपदेव घाटाकडची लांब रपेट. शेवटच्या आठवड्यात सगळं निम्म्यावर आणा. सायकल धरून पळण्याचाही सराव करा. चेन उजवीकडे असते, म्हणून सायकलच्या डाव्या बाजूने. पहिल्या फेऱ्यात अरुंद वाटेच्या तोंडाशी गर्दी तुंबते आणि बहुतेकांना उतरावंच लागतं. जो पटकन उतरून पळतो तो तिथेच पाच-सहा जण मागे टाकतो.

वाट आदल्या दिवशी बघायला मिळाली तर पहिला फेरा चालत करा, सायकल हाताशी धरून. अवघड जागेपाशी थांबून मागे वळून बघा. खालून वर बघितलं की कोणता दगड पक्का आणि कोणता सुटा ते कळतं. सुरुवातीला गिअर मधला ठेवा, पहिला चढ जीव राखून चढा. पुढच्याच्या धुळीत आंधळेपणाने घुसू नका. दोन सायकलींचं अंतर ठेवा, नाहीतर त्याने हुकवलेला दगड तुम्हाला दिसणार नाही. ओलांडायचं असेल तर आधी ओरडून बाजू सांगा, ‘डावीकडून येतोय!’, आणि चढावरच ओलांडा. तिथे तुम्ही तसेही जोरात आहात. फेब्रुवारीत सकाळ गार असली तरी अकराला ऊन टोचतं. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी मीठ-साखर घालून, आणि दोन-तीन खजूर किंवा जेल. शेंगदाण्याची चिक्की दम लागलेला असताना चावता येत नाही, ती शर्यतीनंतर.

बरोबर काय ठेवायचं: टायरचं भोक बुजवायचे प्लग, एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, हातपंप, चेन जोडायची सुटी कडी (क्विक लिंक), चेन ब्रेकर असलेलं मल्टिटूल, तो हँगर. ट्यूबलेस टायरमध्ये नाइलाजाने ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी टायर पूर्ण तपासा. सीलंटने बुजवलेले आठ-दहा काटे आतून उभेच असतात आणि नवी ट्यूब पहिल्या शंभर मीटरमध्ये जाते.

फुल सस्पेन्शनचं म्हणाल तर ते वाईट नाही, पण तुमच्या हार्डटेलच्या किमतीत जी मिळते ती साधारण दोन किलो जड असते, मागचा शॉक हलक्या प्रतीचा असतो, आणि बेअरिंगच्या सांध्यांत आपल्याकडची धूळ आणि पावसाळा मिळून दरवर्षी खर्च काढतात. तुमची जमेची बाजू चढ आहे, तीच तुम्ही विकून टाकाल. वरचं सगळं करून एक हंगाम काढा. तेव्हाही मागचं चाक उडून पेडल मारणं तुटत असेल, किंवा पाठ दोन फेऱ्यांत बोलायला लागत असेल, तर तो विचार करायला कारण आहे. फोर्कचंही तसंच. साफ करून ग्रीस भरूनही झिप टाय चाळिशीतच अडकली, तर एअर फोर्क घ्या. त्यात हवा तुमच्या वजनाप्रमाणे भरता येते.

रिमच्या आतली रुंदी, टायरच्या कडेला काय छापलंय ते, आणि झिप टाय किती मिलिमीटरवर थांबली, एवढं कळवलंत तर हवेचा आकडा आणखी नेमका सांगता येईल.